उन्हाळ्यात ताडोबात वाघ एवढे का दिसतात? पाणवठ्यावरच्या गर्दीमागचं गणित

एप्रिल संपत आला की तुमच्या फीडवर एकाच धाटणीचे रील यायला लागतात. मातकट पाण्यात मानेपर्यंत बसलेला वाघ, काठावर उभ्या राहिलेल्या जिप्सी आणि खाली कॅप्शन, 'ताडोबा इन समर, सायटिंग गॅरंटीड!' कमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'कोणतं गेट?' दुसरा, 'उन्हाळ्यात वाघ वाढतात का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, वाढत नाहीत. फेब्रुवारीत जंगलात जेवढे वाघ असतात, साधारण तेवढेच मे महिन्यातही असतात. बदलतं ते जंगल. त्या बदलामुळे वाघ, चितळ, रानगवे, अस्वलं आणि माणसं असे सगळे एकाच वेळी मोजक्या जागांवर गोळा होतात. पर्यटकांना या गर्दीची एकच बाजू दिसते, ती म्हणजे फोटो. दुसरी बाजू चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांना दिसते, आणि ती फारशी व्हायरल होत नाही.

आता हे सगळं नेमकं कसं घडतं ते पाहू.

पानं गळतात, पडदा उठतो

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गाभा म्हणजे कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचं बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. यातला ताडोबा हा भाग १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाला. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यात.

हे शुष्क पानझडी जंगल आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि भरपूर बांबू. 'पानझडी' हा शब्द आपण शाळेत भूगोलात पाठ करतो आणि विसरून जातो, पण उन्हाळ्यातल्या सफारीचं अर्धं गुपित त्याच शब्दात आहे. पाण्याची टंचाई सुरू झाली की ही झाडं पानं गाळून टाकतात, कारण पानांतून पाणी उडून जातं. ऑक्टोबरमध्ये रस्त्यापासून दहा पावलांवर वाघ बसलेला असला तरी तुम्हाला तो दिसणार नाही, मध्ये गवत आणि झुडपांची भिंत असते. मे महिन्यात त्याच जागी नजर पन्नास-शंभर मीटर आत जाते.

म्हणजे इथं पहिला फरक प्राण्यांच्या संख्येचा नाही, नजरेच्या पल्ल्याचा आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापडच. त्यावर पाय पडला की जंगलभर कळतं. गाईड लोक सांगतात की उन्हाळ्यात वाघ मातीच्या रस्त्यावरून चालणं पसंत करतो, कारण तिथं आवाज होत नाही आणि धूळ पायाला मऊ लागते. आपण ज्याला सफारीचा रस्ता म्हणतो, तो वाघाच्या दृष्टीनं सोयीची पायवाट असतो.

खरा खेळ पाण्याचा

पावसाळ्यानंतर जंगलात पाणी सगळीकडे असतं. नाले वाहतात, डबकी भरलेली असतात, खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं. प्राण्यांना पाण्यासाठी कुठं जावं लागत नाही. जानेवारीपासून ही डबकी एकेक करून आटतात. एप्रिल-मेपर्यंत उरतात ती मोजकी ठिकाणं. ताडोबा तलाव, कोलसा तलाव, इरई धरणाचा फुगवटा, नाल्यांतले काही डोह आणि वन विभागानं तयार केलेले पाणवठे.

पण तहान का वाढते, हा यातला सगळ्यात मजेशीर भाग आहे. ऊन वाढतं हे एक कारण झालं. दुसरं कारण ताटात आहे. हिवाळ्यात चितळ जो हिरवा चारा खातं, त्यात भरपूर पाणी असतं, म्हणजे जेवणातच पाणी मिळतं. मे महिन्यात तेच गवत वाळून काडी झालेलं असतं. त्यातून पाणी जवळपास मिळतच नाही, उलट ते पचवायलाच पाणी लागतं. त्यामुळे चितळांना रोज पाण्यावर यावं लागतं. रानगव्यासारख्या प्रचंड देहाच्या प्राण्याचंही तसंच. नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, त्यामानानं काटक, तो पाण्याविना जास्त काळ काढू शकतो. चौसिंगा हे छोटं लाजाळू हरीण मात्र पाण्यापासून फार लांब जात नाही. त्यामुळे हिवाळ्यात सहसा हुलकावणी देणारा चौसिंगा उन्हाळ्यात पाणवठ्याच्या आसपास दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

तृणभक्षी पाण्यावर आले की वाघ मागोमाग येणारच. पण वाघ फक्त शिकारीसाठी पाण्यावर येत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. मांजर कुळातल्या प्राण्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जो काही येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांमधून. बाकी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते. पाणी मात्र हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं. म्हणून वाघ दुपारभर पाण्यात बसून राहतो. घरातल्या मांजरीवरून आपल्याला वाटतं की या कुळाला पाण्याचं वावडं असेल, पण वाघ उत्तम पोहतो.

रील बघताना एक गोष्ट बघा. वाघ बऱ्याचदा पाण्यात उलटा शिरतो, म्हणजे आधी शेपटी आणि मागचे पाय, मग बाकीचं शरीर. तोंड काठाकडे ठेवून बसतो. डोळ्यांत पाणी उडू नये म्हणून तो असं करतो असं बरेच जाणकार मानतात. शिवाय काठाकडे तोंड असलं की कोण येतंय तेही दिसतं.

थोडक्यात, हिवाळ्यात वाघ कुठंही असू शकतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तो कुठं असेल याचा अंदाज गाईडला बांधता येतो, कारण पर्याय कमी झालेले असतात. पांढरपौनीचे पाणवठे प्रसिद्ध झाले ते याच कारणानं. 'माया' या वाघिणीचा वावर त्या भागात असायचा, आणि देशभरातल्या फोटोग्राफर मंडळींनी तिचे जे फोटो काढले त्यातले कितीतरी तिथलेच आहेत.

मोह, अस्वल आणि वानरांचा सांडलेला खाऊ

वाघाच्या नादात उन्हाळ्यातली बाकीची मजा हुकते, म्हणून थोडं त्याबद्दल. (हा माझा वैयक्तिक आग्रह समजा.)

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. रसाळ, गोड, पहाटे झाडाखाली पिवळसर सडा पडलेला. जंगलात बाकी सगळं वाळत चाललेलं असताना हा एवढा साखर असलेला खाऊ फुकट पडलेला असतो. अस्वलं, चितळ, सांबर सगळ्यांनाच तो हवा असतो. अस्वल वाळवीची वारुळं फोडतं, मध खातं, पण मोहाचा हंगाम त्याच्यासाठी मेजवानी.

वानरं झाडावर बसून पानं-फळं खातात आणि अर्धी खाली टाकतात. उन्हाळ्यात जमिनीवर खायला कमी असतं, त्यामुळे चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली येऊन उभे राहतात. यात दोघांचाही फायदा. चितळाला वरून खाऊ मिळतो आणि वानराची नजर लांबवर जात असल्यानं धोक्याची सूचनाही मिळते. चितळाचं नाक आणि कान खालच्या बाजूला पहारा देतात.

हीच सूचना म्हणजे गाईडच्या भाषेत 'कॉल'. वानराचं खाकरणं, चितळाची तीक्ष्ण हाक, सांबराचा मोठ्या हॉर्नसारखा एकच ठोस आवाज. चितळ कधीकधी उगाचच घाबरतं, पण सांबरानं कॉल दिला की गाईड जिप्सी बंद करून थांबायला सांगतो. सांबर सहसा वाघ-बिबट्या खरंच दिसल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय ओरडत नाही, असा त्यांचा अनुभव. उन्हाळ्यातल्या सफारीत गाडी पळवण्यापेक्षा पाणवठ्यापासून योग्य अंतरावर इंजिन बंद करून बसणं जास्त फळाला येतं ते यामुळेच.

पाणवठ्यावर तासभर शांत बसलात तर एक रांग दिसते. मोर आणि कबुतरं, मग रानडुकरं गडबड करत येतात, मग गव्यांचा कळप. रानकुत्रे आले की सगळं पांगतं. रानकुत्र्यांची टोळी सांबराला पाण्यात ढकलून तिथंच घेरते, हे दृश्य पाहणाऱ्याला विसरता येत नाही. ताडोबा तलावात मगरी आहेत, त्याही उन्हाळ्यात पाणी कमी झालं की काठावर पडलेल्या सहज दिसतात. पक्षी बघणाऱ्यांसाठी मे-जून म्हणजे नवरंगाची वेळ. पावसाच्या तोंडावर हा रंगीत पक्षी येतो आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो.

सफारी संपवून कॅम्पवर परतल्यावरही जंगल संपत नाही. मोहर्ली, कोलारा या गेटांजवळची बहुतेक राहण्याची ठिकाणं बफरला लागून आहेत. रात्री रस्त्यावर बसलेला रातवा, कुंपणाशी ससा, छपरावर उदमांजर हे नेहमीचे पाहुणे. चंद्रपूर-मोहर्ली रस्ता तर जंगलातूनच जातो, त्यामुळे संध्याकाळी गाडीचा वेग आवरता ठेवणं हे नियम म्हणूनच नाही, तुमच्या जिवासाठीही बरं. आणि कॅम्पच्या आवारात अंधारात एकट्यानं 'जरा फिरून' येऊ नका. बिबट्याला रिसॉर्ट आणि जंगल यांतला फरक माहीत नसतो.

मग पाणवठे वाढवले की झालं?

हा प्रश्न साहजिक आहे. दरवर्षी उन्हाळ्यात 'वन्यप्राण्यांसाठी टँकरनं पाणी' अशा बातम्या येतात आणि त्या शेअरही भरपूर होतात. ताडोबात सौर पंप बसवलेल्या कूपनलिका आहेत, बशीच्या आकाराचे उथळ पाणवठे आहेत. बशीचा आकार मुद्दाम असतो. काठ उतरता असला की ससा, साळिंदर, पिल्लं पाण्यात पडली तरी बाहेर येऊ शकतात. उभ्या भिंतीची टाकी बांधली तर तोच सापळा होतो. शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरींत उन्हाळ्यात वन्यप्राणी पडतात ते अशाच कारणानं.

पण जास्त पाणी म्हणजे नेहमीच जास्त चांगलं, असं नाही. याचा सगळ्यात मोठा धडा दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानानं घेतला. तिथं विसाव्या शतकात कूपनलिका आणि बंधारे बांधून कोरड्या भागातही वर्षभर पाणी पुरवलं गेलं. उत्तरेकडच्या मैदानात रोन नावाचं दुर्मीळ हरीण राहायचं. पाणी मिळू लागल्यावर तिथं झेब्र्यांचे कळप येऊन राहिले. झेब्र्यांमागे सिंह आले. रोन हरणांची संख्या १९८६ साली सुमारे ४५० होती, ती १९९३ पर्यंत सुमारे ४५ वर आली. त्यानंतर क्रूगरनं आपलं धोरण बदललं आणि अनेक कृत्रिम पाणवठे बंद केले.

ताडोबा म्हणजे क्रूगर नाही. इथलं जंगल वेगळं, प्राणी वेगळे, आणि बाजूची गावं पाणी वापरत असल्यामुळे नैसर्गिक स्रोतही पूर्वीसारखे उरलेले नाहीत. त्यामुळे 'सगळे कृत्रिम पाणवठे बंद करा' असं म्हणणं सोपं आणि चूक. तरी मुद्दा लागू होतोच. पाणी कुठं ठेवायचं, यावरून कोण कुठं राहील हे ठरतं. पाणवठ्याभोवतीचा चारा आधी संपतो. आजारी प्राण्याचा संसर्ग एकाच डबक्यावर येणाऱ्या बाकीच्यांना होऊ शकतो. आणि पाणवठा पर्यटकांच्या रस्त्यालगत आहे की आत जंगलात, यावरून तो प्राण्यांसाठी आहे की कॅमेऱ्यासाठी, हे विचारायला हवं. टँकरच्या बातमीखाली हा प्रश्न मी अजून तरी फारसा पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट. प्राणी कुठं येणार हे गाईडला कळतं, तसं शिकाऱ्यालाही कळतं. उन्हाळ्यात पाण्यात विष कालवणं, पाणवठ्याच्या वाटेवर लोखंडी सापळे लावणं हे शिकारीचे जुने प्रकार आहेत. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबालगतच्या जंगलात दोन वाघ अशा सापळ्यांत अडकले, त्यातला एक मेला. म्हणून उन्हाळ्यात वनरक्षक आणि वनमजूर रोज पाणवठे तपासत पायी फिरतात. त्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. जाळरेषा काढायच्या, आग दिसली की झाडाच्या फांद्या किंवा ब्लोअर घेऊन धावायचं. आपण ज्या ४५ अंशांत जिप्सीत टोपी घालून बसतो, त्यात ही माणसं चालत असतात.

बुद्धपौर्णिमेची मोजणी: वाघ असे मोजतात का?

वैशाखातल्या पौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम तुम्ही ऐकला असेल. कल्पना साधी आहे. उन्हाळ्यात पाणी कमी, त्या रात्री चांदणं भरपूर, म्हणून पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसायचं आणि जे जे येईल ते लिहायचं. आता हा कार्यक्रम 'निसर्गानुभव' या नावानं होतो आणि त्यासाठी ऑनलाइन नोंदणीला झुंबड उडते.

अनुभव म्हणून तो भारीच आहे. पण दुसऱ्या दिवशी 'अमुक अभयारण्यात इतके वाघ आढळले' अशी जी पोस्ट फिरते, तिच्यावरून वाघांची संख्या ठरवू नका. एकच वाघ संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर दिसू शकतो, म्हणजे दोनदा मोजला जातो. जो त्या रात्री आलाच नाही, तो यादीतच नाही. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला असेल तर जागोजागी पाणी साचतं आणि पाणवठ्यावर कुणी फिरकत नाही. मग प्राणी घटले म्हणायचं का?

पूर्वी तर वाघ पाऊलखुणांवरून मोजायचे. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून वाघ ओळखला जातो. दर चार वर्षांनी देशभर असा अंदाज काढतात. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत, २०१८ साली हा आकडा ३१२ होता. २०२२ मध्ये ताडोबा प्रकल्पाच्या आत ९७ वाघ असल्याचा अंदाज निघाला.

हा ९७ आकडा आणि तुमच्या फीडवरचे वाघ यांची तुलना करून बघा. फीडवर सारखे तेच ते आठ-दहा चेहरे दिसतात, नावांसकट. कारण पर्यटनासाठी कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागाचीच मर्यादा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं २०१२ साली घातली. बाकीच्या भागातले वाघ कॅमेरा ट्रॅपशिवाय कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाहीत. 'सायटिंग चांगली' याचा अर्थ एवढाच, की गाड्यांना सवयलेले काही वाघ रस्त्यालगतच्या पाण्यावर येत आहेत.

त्याच पहाटे, त्याच जंगलात

आता दुसरी बाजू.

सफारीचं गेट उघडतं पहाटे. मोहफुलं वेचायला गावातल्या बाया-माणसं निघतात तीही पहाटेच, कारण फुलं रात्री पडतात आणि उशीर झाला तर गुरं किंवा चितळं खाऊन जातात. मोह संपतो तोवर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. बिडीसाठी लागणारी ही पानं एप्रिल-मेमध्ये तोडायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. काम काही आठवड्यांचंच, पण शेतात काहीच नसताना हातात येणारा तो रोख पैसा. त्यातून खरिपाचं बियाणं येतं, मुलांची शाळा सुरू होते.

म्हणजे वाघ पाण्याजवळच्या गारव्यात असतो, तेंदू तोडणारे त्याच जंगलात असतात, आणि दोघांचाही हंगाम एकच. जिप्सीतली माणसं उंचावर, घोळक्यानं, गाडीच्या सांगाड्यात असतात. वाघाला ती माणसं वाटतच नाहीत, एक मोठा गुरगुरणारा प्राणी वाटत असावा. फुलं वेचणारी बाई वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. झुडपाआडून ती उंचीनं एखाद्या प्राण्यासारखी दिसते. अनेक हल्ल्यांमागे हे कारण असल्याचं वन विभाग आणि अभ्यासक सांगतात.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मारल्या गेल्या. ती जागा ताडोबाच्या कोअरमध्ये नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातले बरेच वाघ प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या पट्ट्यातल्या जंगलांत राहतात. तिथं सफारी नाही, रिसॉर्ट नाही, त्यामुळे पर्यटनाचा पैसाही तिथवर पोहोचत नाही. वाघ मात्र पोहोचतात. मोठे झालेले बछडे आईचा इलाखा सोडून नवी जागा शोधत जातात, आणि कोअर आधीच भरलेला असतो.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्रात २५ लाख रुपयांची मदत दिली जाते. ताडोबाच्या बफरमधल्या गावांत प्राथमिक प्रतिसाद पथकं आहेत, काही गावांच्या सीमेवर वाघ आला की इशारा देणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले आहेत. घोळक्यानं जा, उजाडल्यावर जा, एकानं उभं राहून लक्ष ठेवा, अशा सूचना दिल्या जातात. पण 'उजाडल्यावर जा' हे मोहफुलं वेचणाऱ्याला सांगणं म्हणजे मोठ्या वाट्यावर पाणी सोड म्हणून सांगणं आहे. यावर सोपा उपाय कुणाकडेच नाही. जो कुणी रीलमध्ये तीस सेकंदांत तो सांगतो, त्याला फॉलो करताना जरा विचार करा.

जाता जाता एक गोष्ट. जामणी, नवेगाव या भागात तुम्हाला सफारीत मोठी गवताळ मैदानं दिसतील, चितळांचे कळप चरताना दिसतील. 'काय सुंदर कुरण आहे' असं तोंडातून निघेल. तिथं आधी गावं होती, शेतं होती. लोकांचं पुनर्वसन झाल्यावर त्या शेतांची कुरणं झाली.

तुमच्या एका पोस्टनं काय होतं?

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला. चालक आणि गाईडवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. ते हिवाळ्यात घडलं. उन्हाळ्यात असंच पाणवठ्यावर घडलं तर परिणाम आणखी वाईट होतो, कारण हिवाळ्यात अडवलेली वाघीण दुसरीकडे पाणी पिऊ शकते. मे महिन्यात तिच्याकडे दुसरीकडे जायची सोय नसते. गव्यांचा कळप गाड्यांच्या आवाजानं माघारी फिरला तर त्याला उन्हात किती चालावं लागेल, हे आपल्याला जिप्सीतून कळत नाही.

कारवाई चालक-गाईडवर होते, पण 'अजून थोडं पुढं घ्या ना भाऊ' म्हणणारा मागच्या सीटवर असतो. टिपेच्या आशेवर जगणारा माणूस नाही म्हणताना दहादा विचार करतो. त्यामुळे ते तुम्हीच म्हणायला हवं, 'भाऊ, इथूनच बरं दिसतंय.'

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. त्यामागे सेल्फीचा गोंधळ हे एक कारण, आणि वाघ दिसल्याचा निरोप फोनवरून पसरून सगळ्या गाड्या एका जागी धावतात हे दुसरं. कॅमेरा चालतो. फोटो टाकताना पाणवठ्याचं नाव आणि वेळ लगेच टाकू नका, विशेषतः वाघिणीसोबत लहान बछडे असतील तर. आठवड्यानं टाकलंत तरी लाइक तेवढेच येतात.

उन्हाळ्यात जाणार असाल तर गडद नाही, पण फिकट मातकट रंगाचे सुती कपडे घाला, पाणी भरपूर ठेवा, आणि लहान मुलं किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले ज्येष्ठ सोबत असतील तर दुपारची फेरी टाळा. मंगळवारी कोअर बंद असतो, हे बुकिंग करताना अनेक जण विसरतात. एकाच फेरीत वाघ दिसेल असं कुणी सांगत असेल तर तो तिकीट विकतोय, एवढंच समजा.

जूनच्या मध्यावर चंद्रपुरात पाऊस येतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींत नाल्यांना पाणी येतं, खळगे भरतात, आणि पांढरपौनीवर आठवडाभरापूर्वी गर्दी करणारी चितळं जंगलात विखुरतात. तेंदूची पानं जून होतात, तोडणी थांबलेली असते, गावं पेरणीला लागतात. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर पर्यटकांसाठी बंद. गाईड मंडळी 'सायटिंग उतरली' म्हणतात, आणि वाघ त्याच जंगलात, हिरव्या भिंतीआड, तेवढेच असतात.